मनो माजऱ्यातली ती थोडी घरे

फाळणीवरच्या कादंबऱ्यांबद्दल आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीत हटकून असते. गाव सलोख्याने नांदत होते. बाहेरून विष आले. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर हत्यार उचलले. आणि माणसाच्या निष्ठा दुभंगल्या, अर्धी धर्माकडे, अर्धी गावाकडे. या मांडणीतले दुःख खरे आहे, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु ज्या माणसाला गावाने कधी आपले म्हटलेच नाही, त्याची निष्ठा कोणाकडे होती, हा प्रश्न या मांडणीत बसत नाही. तो विचारल्यावाचून या कादंबऱ्यांचे वाचन पुरे होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी मुख्यतः खुशवंत सिंग यांची ‘ट्रेन टु पाकिस्तान’ (१९५६) ही इंग्रजी कादंबरी आणि तिच्या जोडीला भीष्म साहनी यांची ‘तमस’ (१९७३) ही हिंदी कादंबरी येथे विचारात घेतली आहे. ‘तमस’ला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८८ साली गोविंद निहलानींनी तिच्यावर केलेली दूरदर्शन मालिका घराघरांत पाहिली गेली. ‘ट्रेन टु पाकिस्तान’वर पामेला रुक्स यांनी १९९८ साली चित्रपट केला. म्हणजे या कृती केवळ पुस्तकी राहिलेल्या नाहीत. दंगल कशी होते आणि गाव कसे मोडते, याची सुशिक्षित माणसाच्या मनातली प्रतिमा त्यांनी घडविली आहे.

१

मनो माजरा हे सतलजच्या काठचे, नव्या सीमेलगतचे काल्पनिक खेडे. सुमारे सत्तर कुटुंबांची वस्ती. पक्क्या विटांच्या इमारती तीनच : लाला रामलाल सावकाराचे घर, गुरुद्वारा आणि मशीद. हिंदू कुटुंब एकच, सावकाराचे. बाकी शीख आणि मुसलमान, जवळजवळ सारख्या संख्येने. जमीन सगळी शिखांची. मुसलमान त्यांची कुळे. आगगाड्यांच्या येण्याजाण्यावर गावाचा दिवस उगवतो आणि मावळतो. १९४७ च्या उन्हाळ्यात भोवतालचा मुलूख पेटलेला असताना हे गाव शांत आहे, असे लेखक आरंभीच सांगून टाकतो.

याच वर्णनाच्या कडेला सफाईकाम करणाऱ्या थोड्या कुटुंबांचा उल्लेख येतो. त्यांचा धर्म कोणता हे नक्की नाही, असे लेखक म्हणतो. मुसलमान त्यांना आपल्यात धरतात. अमेरिकन मिशनरी आले की ही मंडळी खाकी टोप्या चढवून, बायकांना बरोबर घेऊन, पेटीच्या साथीवर प्रार्थनागीते म्हणतात. कधीमधी गुरुद्वाऱ्यातही जातात. तळ्याकाठी कीकराच्या झाडाखाली एक दगडी शिळा आहे, तो गावचा देव. अडीअडचणीला सगळेच गुपचूप त्याच्या पाया पडतात. या ‘सगळ्यां’ची नावे घेताना लेखक हिंदू, शीख, मुसलमान म्हणतो आणि या घरांसाठी ‘नावापुरते ख्रिस्ती’ अशा अर्थाचा शब्द वापरतो. लहजा सौम्य थट्टेचा आहे.

पुढे कथा वेग घेते. सावकाराच्या घरी दरोडा पडतो, खून होतो. पाकिस्तानातून प्रेतांनी भरलेली गाडी येते. गावाकडूनच लाकूड आणि रॉकेल घेऊन त्या प्रेतांना अग्नी दिला जातो. मुसलमानांनी काही दिवस छावणीत जावे असे ठरते आणि ते रडत निघतात. गाव असे दोन भागांत चिरले जात असताना ती थोडी घरे कोणत्या बाजूला उभी होती? मुसलमान त्यांना आपल्यात धरत होते, तर ती त्यांच्याबरोबर निघाली काय? की मागे राहिली? ही कादंबरी वर्गात वाचत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग ती झाडूवाल्यांची घरं कोणत्या गाडीत बसली?” वर्ग हसला. प्रश्न हसण्याचा नव्हता. ज्या कादंबरीचा सगळा ताण ‘कोण जाणार आणि कोण राहणार’ यावर उभा आहे, तिने हे विचारलेलेच नाही. एरवी खुशवंत सिंग बारकावे टिपणारे लेखक आहेत. म्हणून ही गाळणूक त्यांच्या निष्काळजीपणाची म्हणता येत नाही. ती नजरेची आहे, आणि ही नजर एकट्या लेखकाची नव्हे.

२

‘त्यांचा धर्म नक्की नाही’ हे विधान निरुपद्रवी वाटते. पंजाबचा इतिहास समोर ठेवला की ते तसे राहत नाही.

१८७० नंतरच्या दशकांत पंजाबातील चूहडा समाजाने मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच समाजातले काही शीख झाले आणि मजहबी म्हणवले गेले. काही इस्लामकडे वळले. काही वाल्मीकीला भजत राहिले. १९२६ साली मंगूराम यांच्या पुढाकाराने आद धर्माची चळवळ उभी राहिली. तिचे म्हणणे सरळ होते : आम्ही हिंदू, मुसलमान, शीख यांपैकी कोणीही नाही, या भूमीचे आम्ही मूळ रहिवासी आहोत, आणि आमचा धर्म आमचा आहे. १९३१ च्या शिरगणतीत चार लाखांहून अधिक माणसांनी आपली नोंद आद धर्मी म्हणून करविली. ज्याच्या शेतावर पोट त्याची मर्जी सांभाळावी लागणाऱ्या माणसांनी असे नाव उच्चारणे म्हणजे काय, हे गावात राहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही.

मिशनरींच्या पेटीवर गाणारा, गुरुद्वाऱ्यात डोकावणारा आणि मशिदीच्या छायेत मोजला जाणारा माणूस धर्माबद्दल बेफिकीर नव्हता. कोणता दरवाजा आपल्याला माणूस म्हणून आत घेईल, हे तो एकेक दरवाजा ठोठावून पाहत होता. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तेव्हापासून २१ वर्षे आपल्या समाजाने हाच शोध घेतला. खुशवंत सिंग यांची कादंबरी ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. एका पुस्तकात ज्यांचा धर्म ‘नक्की नाही’ म्हणून बाजूला ठेवला गेला, त्यांच्यासारख्याच माणसांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतः नक्की करून दाखविला.

फाळणीच्या राजकारणाला मात्र हा शोध परवडणारा नव्हता. सरहद्द आखताना मुसलमान बहुसंख्येचे आणि बिगर-मुसलमान बहुसंख्येचे सलग प्रदेश वेगळे करायचे होते. त्यासाठी डोकी मोजली गेली. मोजणीला दोनच रकाने होते आणि अस्पृश्य कोणत्या तरी एका रकान्यात घालणे भाग होते. मोजताना त्याचे डोके मोलाचे ठरले, त्याचे मत कोणी विचारले नाही.

३

मनो माजऱ्यातला सलोखा लेखकाने प्रेमाने रंगविला आहे. गुरुद्वाऱ्याचा भाई मीत सिंग आणि मशिदीचा मुल्ला, अधू डोळ्यांचा विणकर इमाम बक्ष, यांच्यातला जिव्हाळा वाचकाला भिडतो. मुसलमान निघतात तेव्हा शीख रडतात, आणि ते रडणे खोटे नाही. पण हा सलोखा कोणत्या पायावर उभा होता, ते लेखकानेच एका वाक्यात सांगितले आहे : जमीन एकाची, कसणारा दुसरा. मालक आणि कूळ यांच्यात जिव्हाळा असू शकतो. तो मालकाला न विचारता टिकत नाही, एवढेच.

या दोहोंच्याही खाली ती थोडी घरे होती. १९०० साली पंजाबात जमीन-हस्तांतरणाचा कायदा झाला. सावकाराच्या घशात जाणारी जमीन वाचविणे हा त्याचा गाजलेला हेतू. कायद्याने काही जातींना ‘शेतकरी जमाती’ ठरविले आणि त्यांची जमीन इतरांनी विकत घेण्यावर बंधने घातली. अस्पृश्य जाती या यादीबाहेर राहिल्या. पिढ्यान् पिढ्या शेतात राबणारा माणूस कायद्याच्या भाषेत शेतकरी नव्हता. चार पैसे गाठीला जमले तरी मातीचा तुकडा त्याच्या नावे होणे दुरापास्त होते. गावाचा सलोखा वर्णन करताना हा कायदा कोणाला आठवत नाही. सलोखा हा शब्द ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांच्या तोंडी शोभतो. येसकरकी केलेल्या माझ्या आजोबांच्या तोंडी तो शब्द कधी आल्याचे मला आठवत नाही. ते ‘रिवाज’ म्हणत.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याबद्दल जे कठोर मत मांडले, ते या संदर्भात वाचले पाहिजे. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेकांना तो कडवट वाटला. त्या भाषणाच्या सव्वा वर्ष आधी पंजाबातली खेडी जळून गेली होती, हे त्या टीकाकारांनी ध्यानात घेतले नाही.

४

‘ट्रेन टु पाकिस्तान’मध्ये हिंसा बाहेरून येते. ती गाडीतून येते, नदीच्या पुरातून वाहत येते, निर्वासितांच्या डोळ्यांतून आणि शहरी पोराच्या भाषणातून येते. दरोडा घालणारा मल्ली शेजारच्या गावचा, आणि निघून गेलेल्या मुसलमानांच्या घरादारांचा राखणदार म्हणून फौजी अधिकारी नेमतो तोही मल्लीच. सरकार, गुंड आणि धर्म यांची ही मिळवणी लेखकाने निर्भयपणे दाखविली आहे. या कादंबरीचे हे मोठे सामर्थ्य आहे.

तथापि तिच्यात एक जागा आहे, जिथे ‘बाहेरून’ या शब्दाला तडा जातो. मुसलमानांना घेऊन जाणाऱ्या गाडीवर हल्ला करायचे ठरते आणि गुरुद्वाऱ्यात स्वयंसेवक मागितले जातात. मल्लीची टोळी उठते, निर्वासित उठतात. त्यांच्या पाठोपाठ गावातलेही काही उठतात. कालपरवाच मुसलमानांना निरोप देताना यांच्या डोळ्यांत पाणी होते! हा प्रसंग लेखक चार ओळींत उरकतो. समीक्षकांनी तिथे थांबायला हवे होते. आसवे आणि रोकलेली बंदूक यांच्यात अंतर इतके कमी कसे, या प्रश्नाचे उत्तर ‘बाहेरचे विष’ हे नव्हे. जे गाव आपल्यातल्या काही माणसांना पिढ्यान् पिढ्या माणूस न मानता शांत झोपू शकते, त्याला आणखी काही माणसांना त्या यादीत घालायला फार दिवस लागत नाहीत. सराव झालेला असतो.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. तिथे कोणती गाडी प्रेते घेऊन आली नव्हती. आग लावणारे हात ओळखीचे होते. बांधाला बांध लागलेला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्याने ती आग पाहिली, तो मनो माजऱ्याचा आरंभीचा शांतपणा निःशंक मनाने वाचू शकत नाही. दोन्ही हिंसा एकच आहेत असे मी म्हणत नाही. फाळणीत लाखो मेले आणि त्यात सर्व धर्मांचे होते. एवढेच म्हणायचे आहे की, दोन्हींना लागणारे जळण गावाच्या गोठ्यात आधीपासून रचलेले होते.

५

मग या कादंबरीत आपल्या हाती काय लागते? जुग्गत सिंग लागतो.

जुग्गा हा पोलिसांच्या दप्तरी नोंदलेला बदमाश. बाप फासावर गेलेला. इमाम बक्षच्या मुलीवर, नूरनवर, त्याचे प्रेम आहे. गाडी पुलावरून जाताना टपावर बसलेली माणसे कापली जावीत म्हणून आडवा दोर बांधलेला असतो. न्यायाधिकारी हुकुमचंद स्वतः काही करीत नाही. जुग्गाला तुरुंगातून सोडून देतो आणि पुढचे त्याच्यावर सोपवितो. विलायतेहून आलेला, पक्षाने पाठविलेला सुशिक्षित इक्बाल व्हिस्की पीत बलिदानाच्या उपयुक्ततेवर विचार करतो आणि झोपी जातो. जुग्गा पुलावर चढतो, दोर कापतो, गोळ्या खातो. गाडी त्याच्या अंगावरून पाकिस्तानला जाते.

समीक्षक याला प्रेमाचा विजय म्हणतात. मला त्यात वेगळे दिसते. गावाशी, पंथाशी, पक्षाशी वा राष्ट्राशी इमान राखण्याचा दावा करणारे सगळे त्या रात्री गप्प आहेत. ज्याच्याकडे कोणी इमानाची अपेक्षाच केली नव्हती, तोच उठतो. त्याचे इमान एका जिवंत माणसाशी आहे आणि त्या एका माणसासाठी गाडीतले सगळेच वाचतात. इक्बालला मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने, आणि माझ्यासारख्या प्रत्येक मास्तरानेही, नीट न्याहाळावे. शिकलेल्याचे शब्द कोणत्या घटकेला त्याच्या पायातली बेडी होतात, ते तिथे दिसते.

तरीही जुग्गा जाट शीख आहे, जमीनदाराच्या जातीतला आहे. त्याला बदमाश व्हायला आणि नायक व्हायला, दोन्हीला कथेत जागा आहे. सफाई करणाऱ्याला दोन्हीपैकी एकही जागा नाही.

६

ती जागा ‘तमस’ने दिली, पण कोणत्या कामासाठी?

‘तमस’ची सुरुवात कातडी सोलणाऱ्या नत्थू चांभारापासून होते. मुराद अली त्याच्या हातावर पाच रुपयांची नोट ठेवतो आणि एक डुक्कर मारून द्यायला सांगतो. गुरांच्या डॉक्टर साहेबाला पाहिजे म्हणतो. नत्थूला हे काम येत नाही, करायचे नाही. पण मेलेल्या जनावरांची कातडी मिळायची तर मुराद अलीला नाही म्हणून चालत नाही. रात्रभर झुंजून तो डुक्कर मारतो. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. शहरातून आग खेड्यांत जाते. सय्यदपूरच्या विहिरीत बाया उड्या घेतात.

भीष्म साहनींनी दंगलीचा पहिला धागा एका दलिताच्या हाती दाखविला आणि तो त्याच्या हाती कोणी दिला हेही दाखविले. हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. दंगल आपोआप होत नाही, तिला मजुरी देऊन करवून घ्यावे लागते, हे त्या नोटेने सिद्ध होते. खेड्यातले प्रसंगही त्यांनी एकरंगी ठेवले नाहीत. हरनाम सिंग आणि बंतो या म्हाताऱ्या जोडप्याला राजो आपल्या घरात आसरा देते आणि तिचाच नवरा त्यांच्या दुकानातून लुटलेली पेटी घेऊन त्याच घरी येतो. दुभंगलेली निष्ठा म्हणजे काय, हे त्या घराच्या अंगणात जितके दिसते तितके कोणत्याही व्याख्यानात दिसणार नाही.

पण राजोला आसरा द्यायचा की नाही हे ठरविता येते. तिच्या नवऱ्यालाही लुटायचे की नाही हे ठरविता येते. नत्थूला काय ठरविता आले? अपराधाची टोचणी मात्र त्याच्या वाट्याला पुरेपूर येते. बायको त्याची समजूत घालते : तुला फसविले गेले, तुझा काय दोष? आणि शेवटी शांततेच्या बसमध्ये ध्वनिक्षेपकावर घोषणा देत मुराद अलीच बसलेला असतो. त्याला ओळखू शकणारा एकच माणूस होता, तो मरून गेलेला आहे. पुरावा गेला आणि शांतता समिती सुरू झाली. हा शेवट फार खरा आहे. फक्त नत्थू कसा मेला हे विचारायला त्या बसमध्ये कोणी नव्हते, आणि कादंबरीलाही त्याचा मृत्यू उल्लेखापुरताच पुरला.

७

दलितांच्या निष्ठांचा प्रश्न त्या काळात नव्हता असे नाही. तो कादंबऱ्यांबाहेर, प्रत्यक्षात, फार तीव्र होता. जोगेंद्रनाथ मंडल मुस्लिम लीगबरोबर गेले, पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. आमच्या हैदराबाद संस्थानात बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले, आणि हैदराबादेतील बांधवांना निजाम व इत्तेहादची बाजू घेऊ नका असे बजावले. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळविले की, पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना बाहेर पडू देत नाही; घाणीची कामे करायला माणसे हवीत म्हणून त्यांना अडवून धरले आहे.

मनो माजऱ्यातल्या त्या थोड्या घरांचे खरे महाकाव्य इथे आहे. एका देशाला ते मोजणीपुरते हवे होते, दुसऱ्याला झाडण्यापुरते. ज्याला जाऊ दिले जात नाही कारण त्याच्यावाचून शहर घाण होईल, आणि आला तर ज्याला कोणत्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे हे ठरलेले नाही, त्याच्या मनात निष्ठेची काय वादळे उठली असतील? भारतीय कादंबरीच्या मुख्य प्रवाहाला हा माणूस अजून पुरता दिसायचा आहे. तो आम्हाला लिहावा लागेल.

हे सारे सांगण्यात केवळ साहित्याचा प्रश्न नाही. दंगलीच्या वेळी आमच्या वस्तीतल्या बेकार पोराच्या हाती पाच रुपयांची नोट ठेवणारे मुराद अली प्रत्येक धर्मात आहेत. नोटेची किंमत वाढली आहे, काम तेच आहे. आदल्या दिवसापर्यंत ज्याला मंदिराच्या पायरीवर चढू दिले नाही, त्याला दंगलीच्या दिवशी धर्मरक्षक म्हटले जाते; दुसऱ्या दिवशी खटल्यात नाव त्याचेच असते. नत्थूची गोष्ट या पोरांना माहीत असली पाहिजे.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ग्रामीण कादंबरी शिकविताना, मग ती पंजाबची असो की व्यंकटेश माडगूळकरांची १९४८ च्या जाळपोळीवरची ‘वावटळ’ (१९६४) असो, आधी विद्यार्थ्यांकडून त्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, देऊळ-मशीद कुठे, आणि गावकुसाबाहेर कोण, हे त्यावर लिहायला लावावे. कादंबरीने जी घरे दाखविली नाहीत ती रिकाम्या चौकोनांनी दाखवावीत. मग कथा वाचावी आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्या चौकोनांतली माणसे या घटकेला कुठे असतील, हे विचारावे. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलेला प्रश्न असा सगळ्या वर्गाचा होईल.